सोनगीरहून धुळ्यास

जिल्ह्याच्या शहरी शेतकऱ्याचे जाणे वर्षातून पाचदहा वेळा तरी होतेच. कचेरीत तारीख असते, मोजणीची किंवा उताऱ्याची अडचण असते, बँकेचे कर्ज असते, बाजार समितीत माल घालावयाचा असतो, किंवा घरातील दुखणे गावच्या उपचाराबाहेर गेलेले असते. अशा प्रत्येक खेपेस मन कामात गुंतलेले आणि खिशातील पैका मोजका. त्यामुळे कचेरी, बँक, बाजार आणि दवाखाना ही चार दारे एवढेच काय ते शहर त्याच्या दृष्टीस पडते. ज्या शहराचा विस्तार आपल्या कापसावर व गळिताच्या धान्यावर झाला आणि जे आपल्याच नदीचे पाणी पिते, ते शहर आपण कधी पाहिलेलेच नसते.

आमच्या संघाचे आम्ही चौघे सभासद गेल्या मार्गशीर्षात, गव्हाचे पहिले पाणी आटोपल्यावर, धुळे शहर बिनकामाचे पाहावे एवढ्याच हेतूने निघालो. आधी सोनगीरास मुक्काम करावा व तेथून धुळ्यास जावे असे ठरले. सोनगीरास आमचा बेत ऐकून एका वृद्ध शेतकऱ्याने विचारले, “धुयाले काय काम शे, भाऊ?” काम काही नाही असे सांगताच त्याने पुन्हा विचारले, “मंग काबर जातस?” या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर वाचकांस नीट द्यावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

सोनगीर हे धुळ्याच्या उत्तरेस सुमारे २० किलोमीटरवर, जुन्या मुंबई-आग्रा रस्त्यालगतचे गाव. गावाला लागूनच टेकडीवर किल्ला आहे. तटबंदी बरीचशी ढासळली आहे, तरी प्रवेशाचा दरवाजा व वरची खोल विहीर पाहिली म्हणजे ही जागा का निवडली हे कळते. येथून उत्तर-दक्षिण जाणारा रस्ता नजरेखाली राहतो, आणि वर शिबंदीला पाणी आहे. ज्या टेकडीवर पाणी नाही तेथे किल्ला टिकत नाही, हे शेतकऱ्यास वेगळे सांगावयास नको.

सोनगीरची दुसरी ख्याती तांब्या-पितळेच्या भांड्यांची. खानदेशातील कित्येक घरांतील हंडे, घागरी, पराती व बंब येथील तांबटांच्या हातचे आहेत. आम्ही एका कारखान्यात तासभर बसून काम पाहिले. तांब्याचा पत्रा भट्टीत तापवून मऊ करतात, मग ठोकून त्याला खोलगट आकार देतात. ठोकल्याने धातू पुन्हा ताठर होतो, म्हणून तो पुन्हा तापवावा लागतो. हंड्याचा तळ, घेर आणि गळा निराळे घडवून मागाहून सांधतात. शेवटी अंगावर जे ठोके मारतात त्यास मठार म्हणतात. मठार केवळ शोभेसाठी आहे अशी आमची समजूत होती, परंतु त्या ठोक्यांनी पातळ पत्रा घट्ट होतो व भांडे लवकर चेपत नाही, असे कारागिराने दाखवून दिले. या धंद्याचे मुख्य गिऱ्हाईक म्हणजे शेतकरी. लग्नसराईत तो मोड घेऊन येई आणि नवे भांडे घेऊन जाई. पोलादी व प्लास्टिकची भांडी आल्यापासून हे येणेजाणे रोडावले. शेताच्या बांधावर पिकणारा पैसा ज्या हातांत जातो ते हात टिकतात, व ज्यांतून तो निघून जातो ते मोडतात, हा हिशेब सोनगीरास फार स्पष्ट दिसतो.

आता सोनगीर आणि धुळे यांचा जुना संबंध सांगितला पाहिजे. त्यावाचून पुढील वर्णनाचा अर्थ लागणार नाही. पेशवाईत सोनगीर व लळिंग हे परगणे विंचूरकरांकडे होते. धुळे हे त्या काळी लळिंगाच्या हाताखालचे एक सामान्य खेडे. १८०३ च्या भयंकर दुष्काळात ते अगदी ओस पडले. पुढल्याच वर्षी विंचूरकरांचे एक आश्रित बाळाजी बळवंत यांनी तेथे पुन्हा वस्ती करविली. त्याबद्दल त्यांना इनाम जमीन मिळाली, आणि पुढे सोनगीर व लळिंग या दोन्ही परगण्यांचा कारभारही त्यांच्याकडे आला. त्यांनी कारभाराचे ठाणे मात्र सोनगीरच्या किल्ल्यात किंवा लळिंगच्या गडावर न ठेविता धुळ्यास ठेविले. १८१८ साली खानदेश इंग्रजांकडे गेला, आणि १८१९ च्या आरंभी कॅप्टन ब्रिग्ज यांनी जिल्ह्याचे मुख्य ठाणे म्हणून धुळ्याचीच निवड केली. त्या वर्षी गावात ४०१ घरे व २,५०९ माणसे होती. ब्रिग्ज यांनी त्या वेळच्या धुळ्याचे जे वर्णन केले आहे त्याचा आशय असा की, हे एक लहानसे गाव असून त्याच्या सभोवार बागाईत आहे, आणि एका बाजूस पाण्याचा पाट व दुसऱ्या बाजूस नदी यांच्या मध्ये ते कोंडल्यासारखे बसले आहे.

वाचकांनी या वर्णनावर अंमळ थांबावे अशी आमची विनंती आहे. शहर आधी व पाणी मागाहून, असा क्रम आज सर्वत्र दिसतो. धुळ्याचा क्रम उलट होता. पाट आधीच वाहत होता, बागाईत आधीच उभी होती. शहर त्या बागाईतीत येऊन बसले. किल्ला आणि मान सोनगीर-लळिंगाकडे होता, पण पाट पांझरेचा होता, आणि राजधानी पाटाकडे गेली.

सोनगीरहून निघाल्यावर देवभाने व नगाव ही गावे लागतात. रस्ता आता रुंद व सपाट झाला आहे. त्याच्या दोन्ही अंगांस पूर्वी कपाशी व बाजरी असे तेथे जागोजागी बिनशेती झालेल्या जमिनींचे तुकडे, दगडी खुणा आणि विक्रीच्या पाट्या दिसतात. २०२४ साली मनमाड-इंदूर लोहमार्गास केंद्र सरकारची मंजुरी मिळाल्यापासून या पट्ट्यातील जमिनीविषयीची बोलणी अधिकच वाढली आहेत. जमीन विकावी की न विकावी हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे, आम्ही त्यात पडत नाही. एवढेच सांगतो की, विकणाऱ्याने भाव ठरविण्यापूर्वी शहर कोणत्या दिशेने व कशाच्या जोरावर वाढते आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असावे.

नदीच्या उत्तरतीरी देवपूर लागते, पुलावरून पांझरा ओलांडली की मूळ शहर. मार्गशीर्षातील पांझरा पाहून मन प्रसन्न होत नाही. पाण्याची बारीक धार, मध्येच डबकी, काठाने शहराची घाण. परंतु हीच नदी १८७२ साली अशी चढली होती की शहरातील घरांचे व मालमत्तेचे अतोनात नुकसान झाले. काठी एकवीरा देवीचे मंदिर आहे. यात्रेस खानदेशातून कुळेच्या कुळे येथे येतात, व आमचे वाचकही आले असतील.

शहराच्या जुन्या पेठेत शिरताच एक गोष्ट ध्यानात येते. रस्ते सरळ आहेत व गल्ल्यांस क्रमांक आहेत: गल्ली नंबर एक, दोन, तीन, याप्रमाणे. नवख्या मनुष्यास पत्ता विचारीत फिरावे लागत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी येथे बाहेरच्या व्यापाऱ्यांनी यावे म्हणून घरांसाठी जागा कायमच्या बिनभाड्याने दिल्या गेल्या, व पक्की घरे बांधण्यास जुन्या-नव्या रहिवाशांना उचल रकमाही देण्यात आल्या. तथापि केवळ जागा फुकट दिल्याने शहर वाढले नाही. कापूस व जवस यांचा व्यापार वाढला तेव्हा धुळ्यास महत्त्व आले. १९०० साली चाळीसगावपासून आगगाडी आली तेव्हा तो व्यापार पक्का झाला. आग्रा रोडची दुकाने व पाचकंदिलाचा बाजार पाहताना आम्हांस वाटले की, या प्रत्येक मजल्याच्या पायाशी कोणाच्या तरी काळ्या जमिनीतील बोंडे आहेत. २०११ च्या शिरगणतीत शहराची वस्ती पावणेचार लाखांच्या घरात होती, आणि २००३ पासून येथे महानगरपालिका आहे.

दुपारी आम्ही राजवाडे संशोधन मंडळात गेलो. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी गावोगाव पायपीट करून जुने कागद गोळा केले आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या नावाने त्यांचे खंड काढले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यासच त्यांचा देहान्त झाला. लगेच पुढील वर्षी त्यांच्या नावाचे हे मंडळ स्थापन झाले. येथे जुनी दप्तरे, पोथ्या, नाणी व मूर्ती जतन केल्या आहेत. शेतकऱ्याने येथे काय पाहावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, राजवाड्यांनी जी दप्तरे मिळविली ती केवळ राजवाड्यांतून नव्हेत. देशमुख, पाटील, कुलकर्णी यांच्या घरच्या माळ्यांवरून व कोनाड्यांतूनही मिळविली. सारा किती, वतन कोणाचे, पाण्याची पाळी कोणाची, शिवेचा दगड कोठे, या तंट्यांचे निवाडे त्यांत आहेत. म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांचे कागद हाच इतिहासाचा माल होय. आपल्या घरी जीर्ण मोडी कागद असतील तर ते रद्दीत घालू नयेत, पेटी कोरडी व वाळवीपासून दूर ठेवावी, आणि जाणत्याकडून एकदा वाचवून घ्यावेत. कित्येकदा ज्या बांधासाठी दोन पिढ्या कोर्टाची पायरी झिजविली जाते, त्याचा उलगडा घरच्याच पेटीत पडलेला असतो.

समर्थ वाग्देवता मंदिरही असेच एका व्रतस्थ पुरुषाच्या श्रमाचे फळ. शंकर श्रीकृष्ण देव यांनी रामदासी संप्रदायाची हस्तलिखिते मठामठांतून मिळविली, व १९३५ साली त्यांसाठी हे स्थान उभे राहिले. समर्थांच्या हस्ताक्षरातील म्हणून जपलेले वाल्मीकि रामायण येथेच आहे. तसेच धुळ्याचा तुरुंग. तो काही प्रेक्षणीय स्थळ नव्हे, बाहेरूनच पाहावयाचा. परंतु १९३२ साली २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी विनोबांनी गीतेच्या एकेका अध्यायावर बोलावे व साने गुरुजींनी ते उतरून घ्यावे, हे त्याच भिंतींच्या आत घडले. ‘गीताप्रवचने’ हे पुस्तक अनेक शेतकऱ्यांच्या घरी असते. ते आपल्याच जिल्ह्याच्या ठिकाणी बोलले गेले, हे मुलांस सांगण्यासारखे आहे.

कृषी महाविद्यालयाकडे जाण्यास आम्ही तिसरा प्रहर राखून ठेविला होता. हे महाविद्यालय १९६० सालचे. येथील बाजरी संशोधनाचे काम खानदेशाच्या कोरडवाहू शेतकऱ्यास विशेष जवळचे आहे, ‘आदिशक्ती’ हा संकरित वाण त्याच कामातून निघाला. बियाण्याच्या दुकानदारास विचारून वाण ठरविणे आणि प्रयोगाच्या शेतात कणीस हातात घेऊन ठरविणे यांत पुष्कळ अंतर आहे. शहरात आलेल्या शेतकऱ्याने निदान एक तास येथे घालवावा व आपल्या जमिनीचा प्रश्न बरोबर आणावा.

येथपर्यंतचे शहर कोणासही दिसेल. पण ज्या पाटाने हे शहर येथे बसविले तो पाट समजल्यावाचून धुळे पाहिले असे म्हणता येणार नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही नदीच्या वरच्या अंगास, साक्रीच्या बाजूस गेलो. पांझरा पिंपळनेरकडच्या डोंगरांतून निघते, पूर्वेस धुळ्यापर्यंत येते आणि तेथून उत्तरेस वळून तापीस मिळते. या नदीवर, तशीच मोसम व आरम या नद्यांवर, तीनचारशे वर्षांपासून फडाची पद्धत चालत आली आहे. नदीत बंधारा, बंधाऱ्यातून दोनपासून बारा किलोमीटर लांबीचा पाट, पाटावरून चाऱ्या, आणि चाऱ्यांखाली भिजणाऱ्या जमिनीचे साधारण चार फड. एक फड बहुधा अडीचशे ते तीनशे एकरांचा. एका फडात एकच पीक घ्यावयाचे. एकात ऊस असेल तर दुसऱ्यात भुसार, आणि एखादा फड पडीत. पुढील वर्षी फेरपालट. बहुतेक खातेदारांची थोडीथोडी जमीन निरनिराळ्या फडांत विभागलेली असते. त्यामुळे ज्या वर्षी पाणी तोकडे पडेल त्या वर्षी गावाने एखादा फड बंद ठेविला, तरी एकच घर बुडते व दुसरे तरते असे होत नाही. तूट सर्वांच्या वाट्यास सारखी येते.

पाणी देण्याचे काम खातेदाराच्या हाती नसते. पाटकरी पाणी फिरवितो, जागल्या पिके राखतो, आणि दोघेही गावाच्या पंचांस जबाबदार असतात. मधल्या माणसाने रात्री बारे फोडण्याचा मोह त्यामुळे आपोआप आवरतो. पुढे इंजिनिअर लोकही या पाटांच्या कामास लागले. १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात दाखल झालेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या अगदी आरंभीच्या कामांपैकी एक म्हणजे पांझरेच्या एका पाटाचे पाणी नळाच्या सायफनने पलीकडे नेण्याचे काम होय.

अशाच प्रकारची व्यवस्था फार दूरच्या एका देशात आहे. फिलिपाईन्स बेटांच्या उत्तरेकडील इलोकोस भागात शेतकऱ्यांची पाटमंडळे आहेत, त्यांस पाट या अर्थाच्या स्पॅनिश शब्दावरून ‘सांहेरा’ म्हणतात. बांबू, फांद्या व दगड यांचा बंधारा पुराने वाहून जातो आणि सभासद अंगमेहनतीने तो पुन्हा घालतात. प्रत्येक सभासदास पाटाच्या शिरोभागी, मध्ये व शेपटास असे जमिनीचे तुकडे असतात. मंडळाच्या कारभाऱ्यांस मेहनतान्यादाखल जी जमीन कसावयास मिळते ती मात्र मुद्दाम शेपटाकडची असते. पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत पोहोचले तरच कारभाऱ्याचे पीक येणार! आपल्याकडील किती पाणीसंस्थांचे अध्यक्ष पाटाच्या शेपटास शेती करतात, याचा विचार वाचकांनी करून पाहावा.

फडांची आजची स्थिती चांगली नाही. काही बंधारे अजून चालतात, पुष्कळ मोडकळीस आले आहेत. वर धरणे झाली, तेव्हा नदीचा बारमाही प्रवाह आटला. विहिरी व विजेचे पंप आले, तेव्हा ज्याने त्याने आपले पाणी आपण पाहावे असे झाले आणि पंचांची गरज वाटेनाशी झाली. इकडे शहर वाढले. नकाणे व डेडरगाव येथील तलाव पुरेनासे झाले, म्हणून अक्कलपाडा धरणाचे पाणी शहरास आणण्यात आले. पिण्याचे पाणी सर्वांआधी, हे राज्याच्या जलनीतीचे तत्त्व आहे व ते न्याय्यही आहे. शहरातील तहानलेल्या घरांत आपलीच मुले शिकावयास राहतात. परंतु शहराची मागणी एका महापालिकेच्या नावाने, आकड्यांत व लेखी होते. शेतकऱ्याची मागणी शंभर तोंडांनी व शंभर पंपांनी होते. ज्या सभेत एक लेखी मागणी व शंभर तोंडी तक्रारी येतात तेथे पाणी कोणीकडे जाईल हे सांगावयास ज्योतिषी नको.

याला उपाय आहे, आणि तो आपल्या वाडवडिलांच्याच रीतीचा आहे. महाराष्ट्रात २००५ साली सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याचा कायदा झाला. त्याअन्वये पाणी वापर संस्था स्थापन करून पाण्याचा हक्क मोजून, घनमापाने घेता येतो. आत वाटणी कशी करावी हे सभासदांनी ठरवावयाचे. फडाची जी बुद्धी होती, म्हणजे पीक सर्वांनी मिळून ठरविणे, तूट सारखी वाटणे, पाणी फिरविणारा मनुष्य वेगळा ठेवणे, ती या कायद्याच्या चौकटीत नीट बसते. फक्त ती तोंडी न ठेविता वहीत उतरविली पाहिजे. राजवाड्यांच्या मंडळातील दप्तरे पाहून आल्यावर लिहिलेल्या कागदाचे बळ आम्हांस जास्त पटले.

म्हणून वाचकांस आमची सूचना अशी की, या हंगामात एक दिवस काढावा व गावच्या चारपाच जणांनी मिळून धुळ्यास जावे. बरोबर शाळेतील एखादा मुलगा व एखादी मुलगी असावी. सकाळी सोनगीरचा किल्ला व तांबटांचे काम पाहावे, व घरी मोड पडली असेल तर ती बरोबर न्यावी. दुपारी राजवाडे मंडळ आणि वाग्देवता मंदिर. जाण्यापूर्वी ती उघडी असण्याची वेळ विचारून घ्यावी. नंतर कृषी महाविद्यालय. सवड असल्यास दुसऱ्या दिवशी पांझरेच्या वरच्या अंगास एखादा चालू फड पाहावा, तेथील पंचांस व पाटकऱ्यास भेटावे आणि तीन गोष्टी वहीत टिपून घ्याव्यात: पाण्याची पाळी कशी ठरते, तूट कशी वाटतात आणि नियम मोडणारास काय शासन होते. परत आल्यावर ते टिपण गावच्या सभेत वाचून दाखवावे. ज्या गावांतून अशी टिपणे संघाकडे येतील ती आम्ही या मासिकात क्रमाने छापू.